गावच्या शाळेत शनिवारी चित्रकला: अर्जापासून चपलांच्या खुणांपर्यंत

गेल्या काही महिन्यांत बऱ्याच जणांनी फोन करून साधारण तेच विचारलं, की जिल्हा परिषदेच्या शाळेत बाहेरच्या माणसाला शिकवायला देतात का, परवानगी कोण देतं, पैसे लागतात का, आणि पहिलीतल्या पोरांना चित्रकला शिकवायची म्हणजे नक्की शिकवायचं काय. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून टाकते. हे सगळं २०२४-२५ या शैक्षणिक वर्षातलं आहे. रत्नागिरी जिल्ह्यातली पहिली ते चौथीची शाळा, दोन शिक्षक, पट २३. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, गुरुजींना, म्हणजे मुख्याध्यापकांना, उगाच फोन नकोत.

माझं थोडक्यात सांगायचं तर २००३ साली एटीडी (कलाशिक्षक पदविका) केलं, कलाशिक्षकाची नोकरी काही लागली नाही, मग मुंबईत एका छापखान्यात लेबलं, पाकिटं, लग्नपत्रिका यांचं आर्टवर्क करत राहिले. सासूबाईंच्या आजारपणात गावी आलो ते इथेच राहिलो, आता तेच काम घरून करते, लाईट आणि नेट असेल तेव्हा. प्राथमिकच्या वर्गावर कधी उभी राहिले नव्हते. एटीडीच्या पाठांना आम्हाला मिळायचे ते हायस्कूलचे वर्ग, तिथे पोरं निदान ऐकून घेतात.

१५ जूनला शाळा उघडली. पहिले दिवस प्रवेशोत्सव, पुस्तकं, गणवेश या गडबडीत जातात, तेव्हा अजिबात जाऊ नका. पुढच्या आठवड्यात दुपारी पोषण आहार उरकल्यावर मी गेले. गुरुजी म्हणाले, "वहिनी, या की, आम्हाला हवंच आहे. पण कागद करून या." म्हटलं कसले कागद, मी काय नोकरी मागतेय का? तर त्यांनी बसवून नीट समजावलं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात कलेसाठी अर्धवेळ निदेशक सांगितलेला आहे तो सहावी ते आठवीला, तोही पट शंभरच्या वर असेल तर. पहिली ते चौथीला कला हा विषय आहे, त्याची नोंद करावी लागते, पण शिकवतात वर्गशिक्षकच, म्हणजे जे भाषा-गणित शिकवतात, शाळेची ऑनलाइन माहिती भरतात आणि तांदूळही मोजून घेतात तेच. त्यामुळे बाहेरून कुणी आलं तर ते 'स्वयंसेवक' म्हणून, आणि त्याला शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव लागतो, मग केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज. वार मात्र त्यांनी लगेच दिला. मार्च २०२४ मध्ये 'आनंददायी शनिवार'चा जीआर आला होता, पहिली ते आठवीला शनिवारी दप्तराच्या पलीकडचं काहीतरी घ्यायचं, तो शनिवार भरायचा प्रश्न त्यांच्यापुढे होताच.

समितीची सभा जुलैत झाली. धो धो पाऊस, पत्र्यावर एवढा आवाज की अध्यक्ष काय बोलतात ते पहिल्या बाकावरही ऐकू येईना. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बायका, त्यामुळे सभा म्हणजे आमच्याच वाडीतली माणसं. आधी गळणारं छप्पर, मग पोषण आहाराची डाळ, मग मी. पहिला प्रश्न "पैसे किती घेणार?" दुसरा "एलिमेंटरीला बसवणार का?" मी सांगितलं की ती चित्रकलेची सरकारी परीक्षा हायस्कुलातल्या पोरांसाठी आहे, आत्ता त्याचं काही नाही. यावर एक काका जरा नाराज झाले, परीक्षा नाही तर मग उपयोग काय. ठराव झाला तरी. इथे एक टीप: ठरावात 'विनामानधन', 'आठवड्यातून एक दिवस' आणि 'वर्गशिक्षकांच्या उपस्थितीत' हे तीन शब्दप्रयोग लिहून घ्या. पुढे प्रत्येक टेबलावर हेच तीन प्रश्न येतात आणि ठरावातच उत्तर असलं की कागद पुढे सरकतो. आणि ठराव समितीच्या नावाने हवा, मुख्याध्यापकांच्या नावाने नको. का ते शेवटी येईल.

अर्जाला जोडलेलं: ठरावाची प्रत, एटीडीचं सर्टिफिकेट, आधार, फोटो, आणि शाळेच्या लेटरहेडवर गुरुजींचं पत्र. दोन सेट करा, एकावर पोच घ्या, शिक्का आणि तारीख दोन्ही. मग वाट बघायची. मध्येच ऑगस्ट आला आणि बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर शासनाने शाळांतल्या सुरक्षेचे नवे आदेश काढले, शाळेत काम करणाऱ्यांची चारित्र्य पडताळणी त्यात आली. मला निरोप आला, पोलीस पडताळणीचा दाखला जोडा. खरं सांगते, क्षणभर राग आला, गावात सगळे मला ओळखतात. पण घरी येऊन विचार केला तेव्हा पटलं, लहान पोरांच्या वर्गात कोण येतंय हे बघायलाच हवं, आणि ओळखीचा माणूस म्हणून सूट द्यायची असेल तर नियम तरी कशाला. महाराष्ट्र पोलिसांच्या वेबसाइटवर ऑनलाइन फॉर्म आहे. नेटकॅफेवाल्याने भरून द्यायचे शंभर रुपये घेतले. शाळेच्या पत्रात 'कशासाठी पडताळणी' हे स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर फॉर्ममध्ये कारण काय टाकायचं तिथेच अडतं. मग पोलीस स्टेशनवरून फोन येतो, मूळ कागद घेऊन जायचं, साधे प्रश्न असतात. तिथले हवालदार म्हणाले, "आमच्या पोराच्या शाळेत पण या ओ." गणपती जवळ आल्यामुळे सगळे बंदोबस्ताच्या गडबडीत, दाखला हातात यायला गणपती होऊन गेले.

हा मधला काळ वाया गेला असं वाटत होतं पण तसं झालं नाही. आमच्या वाडीत एक चित्रशाळा आहे, म्हणजे गणपतीचा कारखाना, आणि श्रावणात शाळा सुटली की अर्धी पोरं तिथेच पडीक असतात. मीही जाऊन बसायला लागले. मूर्तिकार आजोबा पोरांना मातीचा एकेक गोळा देतात आणि बाकी काही सांगत नाहीत. कोण उंदीर करतो, कोण मोदक, कोण ट्रक. आजोबा आखणीला बसले, म्हणजे डोळे काढायला, की सगळी गप्प. घरी अभ्यासाला पाच मिनिटं न बसणारी पोरं तिथे तासभर हलत नाहीत. मी मनात ठरवलं की फळ्यावर चित्र काढून 'हे उतरवा' असं करायचं नाही, गोळा द्यायचा आणि बघत राहायचं.

सामानही याच काळात जमवलं. आपण दुकानात गेलो की हजार रुपये कधी गेले कळत नाही, म्हणून आधी फुकटचं बघा. वर्तमानपत्राच्या छापखान्यात रिळाच्या शेवटी कोरा कागद उरतो, तो किलोवर मिळतो, मोठी चित्रं काढायला यासारखं काही नाही. लग्नपत्रिकावाल्यांकडे कार्डच्या कापलेल्या पट्ट्यांचं वेस्टेज असतं, ते मला ओळखीने पोतंभर मिळालं. जुन्या कॅलेंडरांची मागची बाजू. विकत घेतले ते तेलखडू, फेव्हिकॉलचा डबा आणि थोडे जाड ब्रश. स्केचपेन घेऊ नका, झाकणं पहिल्याच दिवशी हरवतात आणि पोरं टोकं दाबून दाबून आत घालवतात. आणि कोकणात असाल तर पावसाळ्यात पाण्याचे रंग काढूच नका. कागद आधीच दमट, चित्र तीन दिवस वाळत नाही आणि चौथ्या दिवशी त्याला बुरशी. जून ते ऑक्टोबर तेलखडू, कोळसा, माती. पाण्याचे रंग दिवाळीनंतर. सगळ्या वर्षाचा सामानाचा खर्च साडेतीन हजारांच्या आसपास गेला, माझ्या खिशातून. शाळेला संयुक्त शाळा अनुदान येतं पण त्यात वीजबिल, खडू, झाडू, दुरुस्ती सगळं बसवायचं असतं, त्यात मी तोंड घातलं नाही.

पहिला तास २१ सप्टेंबरला, शनिवारी. चारही इयत्ता एकाच खोलीत. पोटात गोळा आला होता. मी म्हटलं तुमचं घर काढा. कुजबुज झाली आणि थोड्या वेळात तेवीसच्या तेवीस कागदांवर दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, सूर्याला काड्या, डोंगरातून निघालेली नदी, एका बाजूला झोपडी, दुसऱ्या बाजूला माड आणि आकाशात ४ आकड्याचे पक्षी. तुम्हीही हेच काढलेलं असणार, मीही काढलंय. गंमत ही की आमच्या गावात सूर्य समुद्रात बुडतो, शाळेच्या व्हरांड्यातून दिसतो रोज, आणि झोपडी कुणाचीच नाही, सगळ्यांची जांभ्याची किंवा स्लॅबची घरं. एकाला विचारलं, ही नदी कुठली रे? तो म्हणाला, "चित्रातली."

त्याला दोष नाही. एटीडीला आम्ही व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षणतज्ज्ञांनी १९४७ साली मांडलेले मुलांच्या चित्रांचे टप्पे पाठ केले होते, तेव्हा ते निव्वळ मार्कांसाठी होते, इथे ते एकेक करून समोर बसलेले दिसायला लागले. साधारण सात ते नऊ वयाचं मूल डोळ्याला दिसतं ते काढत नाही, त्याला माहीत असतं ते काढतं, आणि एकदा माणसाचा, झाडाचा, घराचा आकार मनात ठरला की तोच पुन्हा पुन्हा काढतं. खाली जमिनीची पट्टी, वर आभाळाची पट्टी, मध्ये कागद कोरा. मोठी माणसं म्हणतात आभाळ खालपर्यंत आण, पण त्याच्या हिशोबाने आभाळ वरच आहे ना. दुसरीतल्या एकाने पुढच्या आठवड्यात बाबांची होडी काढली, त्यात होडीच्या बाजूच्या फळीतून आतलं सगळं दिसत होतं, इंजिन, बर्फाची पेटी, जाळं, डबा, डब्यातली भाकरी, आणि खाली पाण्यातले मासेही. कुणीतरी मागून म्हणालं, "होडी काचेची आहे काय रे?" मी त्याला एवढंच विचारलं, डब्यात भाजी कसली आहे? त्याने लगेच सुकटीची चटणी काढली. अशी आरपार चित्रं या वयात येतातच, चुकून सुद्धा दुरुस्त करू नका, दोन-तीन वर्षांत आपोआप जातात आणि मग ते मूल 'मला चित्र येत नाही' म्हणायला लागतं, तेव्हा आपली खरी गरज असते.

पालकांना हे पटवणं जड गेलं. एक आई गेटवर थांबून म्हणाली, "मॅडम, हा घरी काय चितारतो काय कळत नाय ओ, तुमी जरा फळ्यावर काढून देत जा ना." तिचंही बरोबर होतं, चित्रकला म्हणजे स्वच्छ, नीट, रेषेबाहेर रंग न जाणारं असंच आपल्याला शिकवलेलं. मी वाद घातला नाही, पुढच्या शनिवारी तिलाच वर्गात बसवलं. मुलाने प्रत्येक रेघेचा अर्थ सांगितला तेव्हा ती हसत होती, पटलं की नाही ते मला अजून माहीत नाही.

आता चपलांचं सांगते, कारण माझ्या मते वर्षातलं खरं काम हेच झालं. पावसात शाळेच्या व्हरांड्यात तेवीस जोड्यांचा ढीग, बहुतेक आठवडा बाजारातून घेतलेल्या, त्याच दोन-तीन रंगांच्या प्लास्टिकच्या. सुटी झाली की पहिलीतली पोरं दुसऱ्याच्या घालून जायची, संध्याकाळी आया फोन करायच्या, एकदा तर एक पोरगी दोन डाव्या चपला घालून घरी गेली. बाईंनी, म्हणजे दुसऱ्या शिक्षिकांनी, मार्करने नावं घातली होती पण ती पुसायची, आणि पहिलीला नाव वाचता कुठे येतंय. मी म्हटलं प्रत्येकाने आपली खूण तयार करायची, ती भिंतीवर लागणार, तिच्या खाली चप्पल. अटी तीनच: तळहाताएवढी जागा, काळा आणि त्याशिवाय आणखी एकच रंग, आणि ध्वजस्तंभापासून बघितली तर ओळखता आली पाहिजे. छापखान्यात लेबल करताना साहेब आम्हाला हेच सांगायचे, दुकानाच्या वरच्या फळीवरून कळलं पाहिजे आत काय आहे.

सुरुवातीला सगळ्यांनी फुलं, बाहुल्या, क्रिकेट असं बारीक बारीक काढलं. मग एकाने खूण हातात धरून व्हरांड्यात उभं राहायचं आणि दुसऱ्याने ध्वजस्तंभाजवळून ओरडून सांगायचं काय आहे ते. अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, लांबून सुरवंट दिसला. ट्रॅक्टर कुणाला शिलाई मशीन वाटला. मी एक शब्द बोलले नाही, पोरं स्वतःच परत जाऊन काढायला लागली. तिसरीतल्या मुलीचा खेकडा होता, तिने दहाही पाय मोजून काढलेले, आणि लांबून तो नुसता काळा डाग दिसत होता. ती चिडली. मग तिने चार पाय पुसले तर बाकीच्यांनी आरडाओरडा केला की खेकड्याला एवढेच पाय नसतात. ती म्हणाली पाय दिसतच नाहीत तर काढू कशाला, आणि दोन नांग्या अंगाएवढ्या मोठ्या केल्या. ध्वजस्तंभापाशी उभा असलेला पहिलीतला मुलगा लगेच ओरडला, "कुर्ली!" भांडणही झालं. एकाचा बांगडा आणि एकाची तारली, लांबून दोन्ही सारखेच. दोघं मासेवाल्यांची पोरं, कुणी माघार घेईना. शेवटी बांगडेवाल्याने पाठीवरच्या वाकड्या रेघा जाड केल्या आणि तारलीवाल्याने मासा उभा केला, दोरीला टांगलेला. हे दोघांनी ठरवताना इतका वेळ गेला की घंटा झाली तरी कळलं नाही.

याच सुमारास सावंतवाडीच्या गंजिफांचे, म्हणजे हाताने रंगवलेल्या खेळाच्या पत्त्यांचे, फोटो दाखवले. दशावतारी गंजिफेत गोल पत्ते १२०, दहा अवतारांचे बारा-बारा, आणि प्रत्येक अवताराची एक खूण, मत्स्याला मासा, कूर्माला कासव, परशुरामाला परशू. खेळणाऱ्याला डाव चालू असताना झटकन कळायला हवं म्हणून. एवढंच सांगितलं, जास्त इतिहास नाही. एकाने विचारलं, "म्हणजे तेंची पण चप्पल हरवायची?" वर्ग हसून लोळला.

कागद या दमट हवेत टिकला नसता, म्हणून पोफळीची विरी वापरली, झावळी गळते तेव्हा देठाकडचा जो रुंद जाड भाग येतो तो. पोरं एरवी त्यावर बसून ओढत नेतात. तिचे चौकोन कापून रात्रभर वजनाखाली दाबून ठेवले, नाहीतर वळतात. लाल रंग सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या कातळी माळावरच्या, मातीचा: माती जुन्या धोतरातून चाळायची, पाण्यात ढवळून खाली बसू द्यायची, वरचं पाणी ओतून तळाच्या मऊ गाळात फेव्हिकॉल. काळा करवंटीच्या कोळशाचा. पिवळ्याला हळद, आणि हळदीत पानाचा चुना टाकला की ती लाल होते हे बघून पोरांनी एवढा चुना टाकला की दोन चौकोन फुकट गेले. हळदीचा रंग उन्हात उडतो हे लक्षात ठेवा, भिंतीवरच्या कामाला ती घेऊ नका. वरून एका पालकाने घरातला उरलेला वॉर्निश दिला, एकाने लाकडी रीप ठोकून दिली. खर्च खिळ्यांचा तेवढा. पहिलीतल्यांना आठवड्याभरात सवय झाली. मग चौथीतल्यांनी खुणांची अदलाबदल करायचा खेळ सुरू केला, म्हणून त्या कायमच्या ठोकल्या.

आणि मग निवडणूक. १५ ऑक्टोबरला आचारसंहिता लागली, २० नोव्हेंबरला मतदान, आणि आमची शाळा मतदान केंद्र. आदल्या दिवशी पथक आलं, साहेबांनी व्हरांड्यात बघितलं तर ओळीने छत्री, मासा, घड्याळ, पणती, सायकल. "हे काय लावलंय?" गुरुजी सांगतायत चपलांच्या खुणा, साहेब म्हणतायत चिन्हासारखं काहीही दिसायला नको. आता हसू येतं पण त्यांचंही बरोबर होतं. सगळ्यावर वर्तमानपत्र चिकटवलं. नंतर काढताना चिकटपट्टीबरोबर निम्म्यांचा रंग निघून आला, ते सगळं परत रंगवावं लागलं. तुमची शाळा केंद्र असेल तर पडदा किंवा साडी बांधा, चिकटपट्टी नको.

जानेवारीत काशेळीला गेलो, कातळशिल्पं बघायला. सहलीची परवानगी हा वेगळा कागद: गटशिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी, प्रत्येक पालकाचं संमतिपत्र, मुलांची यादी, प्रथमोपचार पेटी. एसटी शालेय सहलीला निम्म्या दरात मिळते, त्यासाठी आगारात शाळेचं पत्र आधी द्यावं लागतं आणि डिसेंबर-जानेवारीत गाड्यांना मागणी फार, तेव्हा दिवाळीची सुटी संपली की लगेच जा. पोरांकडून शंभर-शंभर घेतले, बाकीचे मुंबईकर मंडळाने भरले.

सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारख्या मंडळींनी गावोगावच्या सड्यांवर फिरून ही शिल्पं शोधली, नोंदवली, आणि २०२२ मध्ये कोकणातली काही ठिकाणं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, त्यात काशेळी आहे. काशेळीचा हत्ती साधारण १८ मीटर लांब आणि १३ मीटर उंच, जांभ्यात कोरलेला, हजारो वर्षांपूर्वीचा. पण जमिनीवर उभं राहिलं की तो दिसतच नाही. पोरं म्हणायला लागली, हत्ती कुठाय? कडेकडेने फिरवत नेलं, ही सोंड, हा पाय, तेव्हा एकेकाच्या डोक्यात तो जोडला गेला. त्या हत्तीच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. ते बघून होडीवाला मुलगा म्हणाला, "मॅडम, ह्या हत्तीन सगल्यांना गिळलान!" मी गुरुजींकडे बघितलं, गुरुजी माझ्याकडे. तिथे चपला घालून शिल्पावर चढू देऊ नका आणि फोटोत उठून दिसावं म्हणून खडू किंवा रांगोळी तर अजिबात नको, जांभा झिजतो. हे पोरांना बसमध्येच सांगून ठेवलेलं बरं.

परत आल्यावर तिसरी-चौथीने मैदानात दोरीने तेवढी मापं घेतली. १३ मीटर बसले, १८ बसेनात, शेपटी रस्त्यावर जात होती. कबड्डीची फक्की घेऊन एवढाच मोठा एक प्राणी काढायचा ठरलं, मतं घेतली तर व्हेल जिंकला, तो आडवा-तिडवा कसाही बसतो म्हणून. सगळ्यांनी मिळून काढला आणि आत प्रत्येकाने आपल्याला हवं ते भरलं, रिक्षा, आजी, गणपती, मोबाइलचा टॉवर. दुपारी एसटीचा ड्रायव्हर गाडी थांबवून बघत बसला. संध्याकाळी म्हशी त्यावरून गेल्या.

गॅदरिंगला प्रदर्शन लावलं, दोरीला कपड्याचे चिमटे. त्यात सांगण्यासारखं विशेष नाही, वारा सुटला आणि अर्धी चित्रं शेजारच्या काजूच्या बागेत गेली.

एप्रिलमध्ये एक काम आलं ज्याची मला कल्पना नव्हती. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण यांना लेखी परीक्षा नसते, वर्षभराचं आकारिक मूल्यमापन असतं आणि प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी लिहाव्या लागतात. बाई म्हणाल्या, कलेच्या तुम्हीच सांगा. तयार नोंदींच्या पीडीएफ व्हॉट्सअॅपवर फिरत असतात, 'आवडीने चित्रे काढतो', 'रंगसंगती उत्तम', कुणालाही लावा. मी माझ्या वहीतून बघून सांगत गेले: लांबून ओळखता यावं म्हणून खेकड्याचे पाय कमी केले. मित्राशी बोलून खुणेची दिशा बदलली. मातीचा रंग स्वतः गाळून करतो. अजून माणूस एकाच साच्यात काढते पण हातात वस्तू देते. बाईंनी तशाच्या तशा उतरवल्या. म्हणून दर शनिवारी घरी आल्यावर दोन-चार ओळी लिहून ठेवा, एप्रिलमध्ये काही आठवत नाही. आणि चित्रांच्या मागे नाव, तारीख लगेच घाला, तेवीस दोन-डोंगर समोर आले की कुणाचं कुठलं ते त्यांनाही सांगता येत नाही. हो, दोन डोंगर अजून येतात. एकाने मात्र आता मधला सूर्य खाली समुद्रात नेलाय, डोंगर तसेच ठेवून.

पुढच्या वर्षाचं: परवानगी एका शैक्षणिक वर्षापुरतीच असते, जूनमध्ये परत ठराव, परत अर्ज. गुरुजींचं नाव बदलीच्या यादीत आहे अशी चर्चा आहे, आणि म्हणूनच वर म्हटलं की ठराव समितीच्या नावाने घ्या, मुख्याध्यापक बदलले तरी समिती तीच राहते. पोलीस पडताळणी नवीन लागेल का ते केंद्रप्रमुखांना विचारून ठेवलंय. ते म्हणाले सध्या जुन्याची झेरॉक्स जोडा, नाही चालली तर कळवतो.